जुन्या मराठी पुस्तकांचं ओसीआर: मुद्रितशोधनात एआयला किती हात लावू द्यायचा?

जुळारी (धागाकर्ता)

खिळाछपाईच्या काळातली, हक्क संपलेली मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये (संगणकाला वाचता-शोधता येणाऱ्या अक्षरांत) आणायचं काम इथे बरेच जण करतात. ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं) झालं की सगळा मजकूर एआयपुढे टाकून 'शुद्ध करून दे' म्हणायचा मोह होतो. तो मोह का आवरावा आणि त्याऐवजी एआयकडून काय करून घ्यावं, यासाठी हा धागा.

आधी एक नमुना. वाक्य मुद्दाम रचलेलं आहे, चुका मात्र रोजच्या.

छापील: त्या गांवीं पाण्याचें दुर्भिक्ष असून, विहिरी खोल दऱ्यांत आहेत, तेथें जाणें कोणासही सोपें नाहीं.

ओसीआर: त्या गांवीं पाण्याचें दुर्मिक्ष असून, विहिरी खोल दर्यांत आहेत, तेथे जाणें कोणासही सोपें नाहीं.

एआयने 'शुद्ध' केलेलं: त्या गावी पाण्याचे दुर्भिक्ष असून, विहिरी खोल दर्यांत आहेत, तेथे जाणे कोणालाही सोपे नाही.

मोजून बघा. ओसीआरच्या चुका तीन: दुर्मिक्ष, दर्यांत, तेथे. एआयने त्यातली पहिली पकडली. 'दर्यांत' तसंच ठेवलं, कारण दर्या हाही शब्दच आहे. विहिरी समुद्रात गेल्या तरी व्याकरणाचं काही बिघडत नाही. 'तेथे'लाही हात लावला नाही. वर स्वतःच्या सात चुका घातल्या: सहा अनुस्वार उडवले आणि 'कोणासही'चं 'कोणालाही' केलं. तीनाच्या नऊ झाल्या आणि वाक्य मात्र आधीपेक्षा गुळगुळीत दिसतंय. खरी गोम इथे आहे. 'दुर्मिक्ष' डोळ्याला टोचतं. 'कोणालाही' हे मूळ पान शेजारी उघडं नसेल तर ब्रह्मदेवालाही सापडणार नाही.

असं होतं कारण मॉडेल ज्या मराठीवर पोसलं गेलं ती बहुतेक आजच्या वळणाची आहे. साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली आले, आणखी ४ १९७२ साली. त्यात अनुच्चारित अनुस्वार गेले, 'कवि', 'गति', 'गुरु' यांचे 'कवी', 'गती', 'गुरू' झाले. आपण 'शुद्ध' म्हणालो की एआयला हे नियम ऐकू येतात. म्हणून पहिली गोष्ट: सूचनेत 'शुद्ध', 'सुधार', 'दुरुस्त' हे शब्द घालायचेच नाहीत.

दुसरी गोष्ट: एआयने मजकूर लिहायचा नाही, बोट दाखवायचं. सूचना साधारण अशी:

'खाली १९६२पूर्वी छापलेल्या मराठी पुस्तकाच्या एका पानाचा ओसीआर मजकूर आहे. प्रत्येक ओळीला क्रमांक आहे. मजकूर पुन्हा लिहू नकोस. जिथे ओसीआरने अक्षर चुकीचं वाचलं असावं असं वाटतं तिथलीच नोंद कर: ओळ क्रमांक, शब्द जसाच्या तसा, संशयित मूळ शब्द, कोणत्या दोन अक्षरांची गल्लत. जुनं लेखन, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ आणि शब्दयोजना ही चूक धरू नकोस. संदर्भाने अर्थ बसत नाही पण शब्द स्वतंत्रपणे बरोबर आहे, अशा जागा वेगळ्या यादीत दे.'

शेवटची ओळ 'दर्यांत'सारख्यांसाठी आहे. ती नसेल तर अशा जागा क्वचितच सापडतात, असेल तर बऱ्याच सापडतात. सूचनेखाली गल्लतीच्या जोड्याही द्या: घ-ध, भ-म, ब-व, थ-य, प-ष, द्य-घ, र्य-ऱ्य, आणि आकड्यांत १-९, ४-५. एका वेळी एकच पान. सूचना दर पानाला पुन्हा चिकटवायची. दहा-बारा पानं एकाच संभाषणात गेली की तो हळूहळू जुन्या लेखनालाच चुका म्हणायला लागतो.

यादी आली की हाताने, मूळ पान बघून एकेक जागा तपासायची. ते काम आपलंच.

रफार

सूचनेच्या आधीची पायरी राहिली. निम्मे अनुस्वार एआयपर्यंत पोचतच नाहीत, स्कॅनमध्येच मरतात.

३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १२ पॉइंटचा टाइप सुमारे ५० पिक्सेल उंच येतो. त्यातला अनुस्वार जेमतेम पाच-सात पिक्सेलचा. तळटीपा ८ पॉइंटच्या असतील तर त्याहून लहान. स्कॅन टेलर या स्कॅन साफ करायच्या प्रोग्रॅममध्ये डाग काढायची सोय असते, ती जोरात लावली की पिवळ्या कागदावरचे ठिपके जातात आणि सोबत अनुस्वारही जातात. उलट ती अजिबात लावली नाही तर बुरशीचे ठिपके अनुस्वार होऊन बसतात. म्हणून तळटीपांच्या पुस्तकांना ४०० डीपीआय, स्कॅन राखाडी छटांत (थेट काळा-पांढरा नको), आणि डाग काढणं सर्वांत सौम्य पातळीवर. निवडलेली पातळी आधी तीन पानांवर तपासायची: सुरुवातीचं, मधलं, आणि सर्वांत मळकं.

टेसरॅक्ट (ओसीआर करणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर 'मराठी' आणि 'देवनागरी लिपी' अशी दोन वेगळी मॉडेलं आहेत. दोन्ही चालवून बघा. संस्कृत अवतरणं फार असतील तर मराठीला संस्कृत जोडून चालवता येतं. पानाची मांडणी त्याला ओळखू देण्यापेक्षा कडा कापून, मथळा आणि पृष्ठांक बाहेर काढून, 'एकसंध मजकूर' हा ६ क्रमांकाचा प्रकार द्यावा. नाहीतर पुस्तकाचं नाव दर पानाच्या पहिल्या वाक्यात घुसतं.

आणि पानाला १५ पेक्षा जास्त शंका येत असतील तर एआयशी झटापट करू नका. स्कॅन बिघडलंय. परत करा.

अर्धविराम

एवढा खटाटोप कशाला? आताची मॉडेलं चित्र थेट वाचतात. पानाचा फोटो द्यायचा, मजकूर घ्यायचा. टेसरॅक्टपेक्षा जोडाक्षरं कितीतरी चांगली वाचतात.

जुळारी

वाचतात, मान्य. फिकट छपाईत तर फारच पुढे आहेत. पण टेसरॅक्टला जे दिसत नाही तिथे तो कचरा टाकतो. चित्र वाचणारं मॉडेल तिथे सुंदर मराठी टाकतं. पानाचा कोपरा फाटून तीन शब्द गेले असतील तर तो तीन शोभतील असे शब्द भरतो आणि सांगतही नाही.

दुसरं, ओळी गाळतो. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू होत असतील ('त्यामुळें... त्यामुळें...') तर त्याची नजर पहिलीवरून थेट दुसरीवर जाते. जुन्या काळी पोथ्या उतरवणाऱ्यांचंही हेच होई, त्यामुळे त्याला फार बोल लावू नये.

उपाय: अख्खं पान न देता ८-१० ओळींच्या पट्ट्या कापून द्यायच्या, दर पट्टीत आधीच्या पट्टीची शेवटची ओळ पुन्हा घ्यायची. उत्तरात छापील ओळ तशीच तोडायला सांगायची, क्रमांकासह. ओळींची संख्या आपण चित्रावरून आधी मोजून ठेवायची. न वाचलेल्या अक्षराला प्रश्नचिन्ह चौकटी कंसात.

आणि हे वाचन एकटं वापरायचं नाही. टेसरॅक्टचं एक, याचं एक, अशी दोन वाचनं समोरासमोर लावायची. दोघांच्या चुकण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत; जिथे दोघं सहमत तिथे चूक असण्याची शक्यता कमी, जिथे मतभेद तिथे माणसाने बघायचं. सगळ्यात उपयोगी जोडी हीच आहे असं माझं मत. मात्र दोन वेगवेगळ्या कंपन्यांची चित्र वाचणारी मॉडेलं घेतलीत तर हा हिशेब चालत नाही. दोघंही आजच्याच मराठीवर वाढलेली, 'नाहीं'चं 'नाही' दोघंही करतील आणि आपल्याला सहमती दिसेल.

काना_मात्रा

तुलनेसाठी एक सोपी युक्ती. नोटपॅड प्लस प्लसमध्ये शोधा-खिडकीत नुसता अनुस्वार टाकून 'मोजा' करायचं. ओसीआरच्या पानात १४२ आणि एआयकडून आलेल्यात ६१, तर आणखी काही बघायची गरज नाही, फेकून द्या. दहा सेकंदांचं काम.

त्याच्या पुढची पायरी: दोन्ही प्रतींतून अनुस्वार काढून टाकायचे, सगळ्या वेलांट्या आणि उकार ऱ्हस्व करायचे, आणि मग दोन सांगाड्यांची तुलना करायची. आता जे फरक उरतात ते शब्दांचे. 'कोणासही / कोणालाही' इथे उघडं पडतं. त्यानंतर मूळ प्रतींची तुलना पुन्हा, या वेळी फक्त अनुस्वार आणि वेलांट्यांसाठी. दोन्ही एकदम बघायला गेलं की शेकडो लाल खुणांत खरी चूक बुडते.

हे करणारी पायथनची चाळीसेक ओळींची आज्ञावली एआयकडूनच लिहून घेता येते, प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. त्याला मजकूर दुरुस्त करायला लावण्यापेक्षा मजकूर तपासणारं हत्यार बनवायला लावणं केव्हाही बरं. हत्यार दर वेळी सारखंच वागतं आणि चुकलं तर का चुकलं ते दिसतं.

नवशिकी

र्य आणि ऱ्य ची भानगड नीट सांगेल का कुणी? मी दुरुस्त केलेलं एआयमधून परत आलं की पुन्हा बिघडलेलं असतं.

काना_मात्रा

'आचार्यांना' दक्षिणा द्यायची आणि 'आचाऱ्यांना' मजुरी, हा शाळेतला फरक आठवा. दुसऱ्यातला आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो. एक: नुक्ता असलेला ऱ (युनिकोड क्रमांक ०९३१), मग हलन्त, मग य. दोन: साधा र, हलन्त, मग 'शून्य रुंदीचा जोडक' नावाचं अदृश्य चिन्ह (२००डी), मग य. दिसायला दोन्ही सारखे. पण दुसऱ्या प्रकारातलं अदृश्य चिन्ह अनेक ठिकाणी गळतं: वेबवरच्या फॉर्ममध्ये, 'स्वच्छ मजकूर' करणाऱ्या साधनांत, आणि एआयच्या उत्तरात. गळलं की आचाऱ्याचा आचार्य झाला.

म्हणून काम सुरू करायच्या आधीच सगळीकडे पहिला प्रकार करून घ्या. शोधा आणि बदला, एका फटक्यात. 'ॲ'चंही तेच: एकसंध अक्षर (०९७२) वापरा, 'अ', जोडक आणि चंद्र असं तीन तुकड्यांचं नको. हे एकसंध अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या मजकुरांत तुकडेच सापडतील.

नवशिकीताई, मिसळ झालेल्या प्रतीत शोधही फसतो. 'दऱ्या' शोधलंत तर निम्म्या दऱ्या सापडत नाहीत.

पाठभेद

पद्याबद्दल कुणी बोललं नाही. तिथे एआय सर्वांत धोकादायक आणि सर्वांत उपयोगी, दोन्ही आहे.

धोकादायक असा: प्रसिद्ध अभंग असेल तर तो चित्र वाचत नाही, पाठ म्हणून दाखवतो. तुमच्या प्रतीत वेगळा पाठ असेल, आणि बहुधा त्यासाठीच तुम्ही ती प्रत निवडलेली असते, तर नेमका तो पाठ जातो. संतवाङ्मयाच्या कोणत्याही प्रतीचं चित्र त्याला वाचायला देऊ नका. टेसरॅक्टचंच वाचन घ्या आणि हाताने तपासा. तिथे दंडाची उभी रेघ १, काना किंवा इंग्रजी उभी रेघ म्हणून येते, तेवढी आधी दुरुस्त करा.

उपयोगी असा: गणवृत्तातल्या कवितेची तपासणी. भुजंगप्रयातात दर चरणात १२ अक्षरं, वसंततिलकेत १४, मंदाक्रांतेत १७, शार्दूलविक्रीडितात १९, आणि लघु-गुरूंचा क्रम ठरलेला. वृत्त ओळखून चरण मोजणारी आज्ञावली बनवून घ्या. भुजंगप्रयातात ११ अक्षरं भरली तर एक अक्षर ओसीआरने खाल्लं. संख्या बरोबर पण लघूच्या जागी गुरू आला तर बहुधा वेलांटी चुकली. छपाईच्या चुकाही सापडतात, पण त्या दुरुस्त करायच्या नाहीत, टीप द्यायची.

आज्ञावली बनवून घेताना दोन गोष्टी बजावून सांगा, नाहीतर ती संस्कृतचे नियम लावते. एक, मराठीत जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत नसेल तर ते लघूच राहतं: 'तुझ्या'तला तु, 'पुन्हा'तला पु. या जागा तिने 'चूक' न म्हणता 'संशय' म्हणाव्यात. दोन, चरणाचं शेवटचं अक्षर गुरू धरायचं. ओव्या आणि अभंगांना यातलं काही लागू नाही.

रफार

आकड्यांसाठीही अशी आपोआप तपासणी आहे. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर शक आणि संवत्सर दोन्ही असतात. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी म्हणजे संवत्सराचा क्रमांक, प्रभवापासून मोजून. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय.

ओसीआर म्हणतं शके १८०१, सर्वजित नाम संवत्सर. १८०१ अधिक १२ म्हणजे १८१३, बाकी १३, प्रमाथी. सर्वजित हा २१वा. १८०९ घेऊन बघा: १८२१, बाकी २१. म्हणजे ९ चा १ वाचला गेला. छापील प्रत न उघडता कळलं (तरी उघडायची).

एआयला 'शकाचं इसवी सन कर' सांगितलं तर तो सरसकट ७८ मिळवतो. शक गुढीपाडव्याला बदलतो, त्यामुळे पौष-माघ-फाल्गुनातल्या बऱ्याचशा तिथींना ७९ मिळवावे लागतात. तारीख महत्त्वाची असेल तर पंचांग बघा, एआयला विचारू नका.

अर्धविराम

थेट चित्र देण्याचा माझा मुद्दा अर्धा मागे घेतो. पण मग प्रश्न उरतो: वाचकाला 'पाण्याचे दुर्भिक्ष' शोधायचं असेल तर 'पाण्याचें दुर्भिक्ष' सापडणार कसं? जुनं लेखन जपलं तर शोध मेला.

जुळारी

चांगला प्रश्न. दोन थर ठेवायचे. वरचा थर छापील बरहुकूम, माणसाने तपासलेला. खालचा थर फक्त शोधासाठी, वाचकाला न दिसणारा, आजच्या लेखनातला. तो बनवायला एआय अगदी योग्य: वर ज्या खोडीबद्दल मी तक्रार केली तीच इथे कामाची. तपासलेला मजकूर द्यायचा, 'आजच्या नियमांनी लिही, ओळींची संख्या तीच ठेव' म्हणायचं. त्यात 'कोणालाही' झालं तरी बिघडत नाही. फक्त हा थर वरच्या थराचा तपास पूर्ण झाल्यावर बनवायचा आणि फाइलच्या नावातच 'शोधथर' लिहायचं. दोन्हींची गल्लत झाली की निस्तरता निस्तरत नाही.

शुद्धपत्र

शेवटच्या वाचनाबद्दल. मुद्रणालयांत एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, दुसरा मुद्रितावर नजर ठेवायचा. एकटे असाल तर मराठी वाचून दाखवणारा यंत्राचा आवाज ही जागा घेऊ शकतो. तपासलेला मजकूर यंत्राने वाचायचा, आपली नजर छापील पानावर. वेग नेहमीपेक्षा थोडा कमी.

याने गळलेले शब्द, गळलेल्या ओळी, दोनदा आलेले शब्द आणि 'दर्यांत'सारख्या चुका सहसा कानाला लागतात. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुच्चारित अनुस्वार मात्र कानाने पकडता येत नाहीत, ती नजरेची फेरी वेगळी. विरामचिन्हंही तो गिळतो. संक्षेपांवर अडखळतो: 'रा. रा.', 'कै.', 'इ. स.' इथे वाक्य संपल्यासारखा थांबतो, तिकडे लक्ष देऊ नका.

हक्कांचंही सांगून ठेवतो, कारण नवीन मंडळी विसरतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची. अनुवाद असेल तर अनुवादकाचीही वेगळी मोजायची, आणि नंतरच्या आवृत्तीला कुणा संपादकाची प्रस्तावना जोडलेली असेल तर तिचीही. लेखक गेला म्हणून आख्खी आवृत्ती मोकळी झाली असं नसतं.

नवशिकी

विकिस्रोतावर (हक्क संपलेल्या पुस्तकांच्या मुक्त ग्रंथालयात) पान टाकताना तपासणी कुठवर झाली ते दाखवणारा रंग कोणता द्यायचा? एआयच्या यादीने तपासलं, सगळ्या शंका मिटवल्या. पिवळं चालेल?

शुद्धपत्र

शंका मिटवल्या म्हणजे एआयला ज्या जागा संशयास्पद वाटल्या त्या मिटवल्या. त्याला जे दिसलंच नाही ते पानात तसंच आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत पान छापील प्रतीशी जुळवून वाचलं असेल तर पिवळं. नसेल तर लालच ठेवा, लाल असण्यात कमीपणा नाही. हिरवं दुसऱ्या माणसाने करायचं असतं, स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःला हिरवं करता येत नाही. आणि तो दुसरा सदस्यही निव्वळ एआयची यादी बघून हिरवं करणारा नको.

नवशिकी

समजलं. अजून एक, ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द? एआय ते आपोआप जोडतो, ते ठेवू का?

काना_मात्रा

एआयला जोडू देऊ नका, तपासणी होईपर्यंत ओळी छापील जागीच तुटू द्या. नाहीतर पानाशी जुळवताना बोट कुठे ठेवायचं तेच कळत नाही. जोडणी सर्वांत शेवटी. त्यातही 'हळू-हळू', 'इकडे-तिकडे' असे मुळातच संयोगचिन्ह असलेले शब्द ओळीच्या टोकाला तुटले असतील तर ते चिन्ह ठेवायचं. पुस्तकात तोच शब्द ओळीच्या मध्यात इतरत्र कसा छापलाय ते शोधून बघा, त्यावरून ठरवा. कुठेच नसेल तर चिन्ह ठेवून चर्चापानावर नोंद करा.